काढणे आणि बसवणे : चाकाच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न

१

एखादी वस्तू सुटी करून पाहता आली म्हणजे ती समजली, असा एक विश्वास आधुनिक विचारपद्धतीच्या मुळाशी आहे. ‘विश्लेषण’ या शब्दातच तो दडलेला आहे. श्लेष म्हणजे जोड. विश्लेषण म्हणजे ती जोड सोडवणे. साहित्यसमीक्षेत गेल्या काही दशकांत या विश्वासाला मोठी प्रतिष्ठा लाभली. संहितेचे घटक वेगळे करणे, त्यांच्यातील ताण आणि विसंगती उघड करणे, एकसंध भासणारी रचना वस्तुतः जोडकाम आहे हे दाखवून देणे, ही कामे समीक्षेने हिरिरीने केली आणि त्यांतून पुष्कळ काही हाती लागले. प्रस्तुत निबंधातील प्रश्न या कामाच्या उत्तरार्धाविषयी आहे. सोडवलेली वस्तू पुन्हा जुळवण्याची जबाबदारी सोडवणाऱ्यावर असते काय? असल्यास ती कोणाच्या प्रती असते?

या प्रश्नाचा विचार संहितेपासून सुरू केला तर तो परिभाषेच्या गर्दीत हरवण्याचा धोका आहे. म्हणून येथे तो एका साध्या, घरगुती कृतीच्या आधारे मांडला आहे. मोटारसायकलचे चाक घरच्या घरी काढून पुन्हा बसवणे, ही ती कृती. समीक्षेच्या नियतकालिकात तिला स्थान का द्यावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच, की या कृतीत जुळवणीची परीक्षा टाळता येत नाही. ज्याने चाक बसवले त्याला त्यावर स्वार व्हावे लागते, आणि बहुधा त्याच्या मागे आणखी कोणीतरी बसलेले असते.

२

कृतीला स्थळ हवे. मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावर अंबरनाथनंतर येणारे बदलापूर हे स्थळ येथे गृहीत धरले आहे. शिवकाळात येथे घोडे बदलले जात, त्यावरून गावाला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती लोकव्युत्पत्ती मानली तरी अर्थपूर्ण आहे, कारण आजचे बदलापूरही वाहन बदलण्याचेच ठिकाण आहे. सकाळी घरापासून स्थानकापर्यंत मोटारसायकल, तेथून पुढे लोकल, आणि रात्री त्याच्या उलट, असा येथील असंख्य नोकरदारांचा दिनक्रम असतो. मालकाला सुट्टी मिळते तेव्हाच वाहनालाही मिळते. म्हणून घरची दुरुस्ती रविवारी, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जुने वर्तमानपत्र अंथरून होते.

दुसरे कारण नदीचे आहे. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने या परिसराला वेढले. दुसऱ्या प्रसंगी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्याच पाण्याने नदीकाठच्या वसाहतींतील तळमजले आणि खाली उभी असलेली वाहने गिळली. पूर ओसरल्यावर गाडी धुऊन पुसून चालू होऊ शकते. परंतु चाकाच्या तुंब्यात, ज्याला आजचा मेकॅनिक हब म्हणतो, काय झाले आहे हे बाहेरून दिसत नाही. बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेलेले असते आणि ब्रेकच्या ड्रममध्ये बारीक गाळ बसलेला असतो. चाक काढल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही. दर पावसाळ्यात खड्ड्यांतून चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू पडते.

या कृतीला एक सामाजिक इतिहासही आहे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या मालकाला चाक बदलणे ही विशेष विद्या वाटत नसे. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे, मोजक्या नटांनी एका बाजूने बसवलेले, आणि जोडीला तयार स्टेपनी. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला स्कूटर कलती करून कुटुंबवत्सल गृहस्थ स्वतःच चाक बदलीत असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींची विक्री स्कूटरींच्या पुढे गेली आणि स्टेपनी घराघरातून नाहीशी झाली. चाकाशी असलेली मध्यमवर्गाची हातओळखही तिच्याबरोबर पुसट झाली.

मोटारसायकलचे चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असते आणि त्याच्या पोटातून एक्सल आरपार गेलेला असतो. मागचे चाक काढावयाचे तर गाडी डबल स्टँडवर घ्यावी लागते. ब्रेकच्या रॉडचा नट सोडायचा. ब्रेक प्लेटला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवणाऱ्या दांडीचा बोल्ट काढायचा. एक्सलच्या नटातील पिन सरळ करून उपसायची. नट सोडवून एक्सल ओढून घ्यायचा. एक्सलबरोबर स्पेसर गळून पडतात. डावा आणि उजवा सारखे दिसतात, पण सारखे असतातच असे नाही. पुष्कळ गाड्यांत चेन आणि तिचे दातेरी चक्र जागच्या जागी राहते, व चाक रबरी ठोकळ्यांवरून सुटून बाहेर येते. योग्य मापाचे पाने आणि थोडा धीर असेल तर येथवरचे काम बहुतेकांना जमते.

बसवताना हीच कृती उलट्या क्रमाने करावी, असे माहितीपुस्तिकांतून सांगितलेले असते. हे विधान तर्काने बरोबर आणि व्यवहारात अपुरे आहे. काढताना यंत्र स्वतःच माणसाला अडवते. एखादा नट राहिला असेल तर चाक जागचे हलत नाही, आणि विसरलेल्या गोष्टीची आठवण लोखंडच करून देते. बसवताना अशी अडवणूक होईलच याची शाश्वती नसते. ब्रेक प्लेटच्या दांडीचा बोल्ट लावायचा राहिला तरी चाक बसते, हाताने फिरवले तर फिरतेही. मात्र जोरात ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि ब्रेकच चाकावर उलटतो. चेन ताणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खुणा समान ठेवल्या नाहीत तर चाक किंचित तिरके उभे राहते, आणि ते डोळ्यांना जाणवत नाही. डिस्क ब्रेकच्या चाकात तर याहून विलक्षण गोष्ट घडते. चाक बसवताना पॅड मागे सरकलेले असतील, तर ब्रेकची मूठ पहिल्यांदा दाबताच ती पोकळ जाते. ती पुन्हा पुन्हा दाबून पॅड डिस्कपर्यंत आणावे लागतात. म्हणजे रविवारी संध्याकाळी चकचकीत पुसून ठेवलेल्या गाडीला, कोणीतरी आठवणीने मूठ दाबली नसेल तर, सोमवारी सकाळच्या पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो.

काढताना केलेली चूक बहुधा लगेच कळते. बसवताना केलेली चूक पुढे, रस्त्यावर कळते. सोडवणे आणि जुळवणे यांच्यातील ही विषमता हा या निबंधाचा आधार आहे.

३

एक्सलचा नट आवळला की आत काय झाले ते झाकले जाते. मागे बसणाऱ्या व्यक्तीला दिसते ते चाक, त्याची जुळवणी दिसत नाही. मराठीत संसाराला रथ आणि पतीपत्नींना त्याची दोन चाके म्हणण्याची रीत आहे. ही प्रतिमा गाडीची आहे. तेथे चाके शेजारी शेजारी, एकाच आसावर असतात. मोटारसायकलवर एक जण पुढे आणि दुसरा मागे असतो. पुढच्याच्या हाती दिशा, वेग आणि ब्रेक, तर मागच्याच्या हाती केवळ पुढच्याचा खांदा. चाक पुढच्यानेच बसवलेले असेल तर ज्ञानाची विषमताही या विषमतेत मिळते. मागे बसण्याच्या साध्या कृतीत किती मोठी मान्यता गृहीत धरलेली असते, आणि ती मागितली न जाताच कशी मिळते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कायद्याने या परिस्थितीचा काही विचार केलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १९० हे सदोष वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणाऱ्याला जबाबदार धरते. आणि ही जबाबदारी केवळ माहीत असलेल्या दोषापुरती नाही, तर साधारण काळजी घेतली असती तर जो लक्षात आला असता अशा दोषापर्यंत जाते. हा विचार महत्त्वाचा आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे त्याने निरपवाद ग्राह्य मानलेले नाही. न कळणे हीदेखील कधीकधी एक कृती असते, असे त्यात अनुस्यूत आहे. तथापि साधारण काळजी म्हणजे कोणाची? वर्षभरात शेकडो चाके बसवणाऱ्या मेकॅनिकची, की वर्षातून एकदा बसवणाऱ्या कारकुनाची?

चौकातल्या मेकॅनिकला त्याच्या कामाचे साक्षी असतात. गिऱ्हाईक उद्या परत येणार असते, शेजारच्या दुकानदाराला त्याचे नाव ठाऊक असते, आणि हात चुकला तर हटकणारा उस्ताद किंवा सहकारी जवळ असतो. त्याआधीच्या व्यवस्थेत ही साक्ष अधिक घट्ट होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ग्रामव्यवस्थेवरील आपल्या १९१५ सालच्या ग्रंथाला ‘गावगाडा’ हे नाव दिले ते सहज नव्हे. त्या गाड्याची चाके सुतार घडवी आणि त्यांवर लोखंडी धाव लोहार चढवी. आणि दोघांनाही पुढच्या सुगीत त्याच खळ्यावर बलुते मागायला उभे राहायचे असे. विश्वास हा तेथे व्यक्तीच्या सद्गुणावर सोपवलेला नव्हता. तो नात्यांत गुंफलेला होता. या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तिने माणसाला जन्मानेच कामाला जखडले, आणि लिहित्या-वाचत्या वर्गाला चाकाला हात लावण्यापासून पिढ्यानपिढ्या मोकळे ठेवले. म्हणूनच घरच्या घरी चाक काढणाऱ्या माणसाच्या काळ्या झालेल्या हातांना एक मुक्तिदायी अर्थ आहे. डोके आणि हात यांची फारकत तो आपल्यापुरती मोडत असतो.

परंतु या मोकळिकीची किंमतही ओळखली पाहिजे. जातीने बांधलेल्या आणि पुढे बाजाराने बांधलेल्या व्यवस्थेने विश्वासाचे जे ओझे वाटून घेतले होते, ते सारे आता एका माणसावर येते. इमारतीखालच्या त्या जागेत त्याच्या कामाला साक्षी नाही. कामगार तो, तपासनीस तो, आणि प्रमाणपत्र देणाराही तोच. न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत या तीन भूमिका एका व्यक्तीकडे देणे आपण संशयास्पद मानतो.

४

येथे दोन आधुनिक विचारांचा परामर्श घेणे उपयुक्त ठरेल. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांतील भेद मांडला, व दुसरे ज्ञान हे पहिल्या ज्ञानाची केवळ अंमलबजावणी नसते, असे प्रतिपादन केले. चाकाच्या बाबतीत याची सत्यता सहज पटते. नट किती आवळावा हे पुस्तिकेत आकड्याने दिलेले असते, पण टॉर्क पाना सहसा घरी नसतो, आणि मनगटाला येणारा तो विशिष्ट प्रतिकार आकड्यातून शिकता येत नाही. तथापि राइल यांचा भेद प्रस्तुत प्रश्नाला पुरा पडत नाही. कसे करावे हे ठाऊक असणे आणि आपण ते आत्ता तसेच केले आहे याची खात्री असणे, या आणखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुशल हाताला पहिली गोष्ट असते. दुसरीबद्दल तोच अधिक निष्काळजी असण्याचा संभव असतो, कारण सवयीने काम करणारा हात स्मृती मागे ठेवीत नाही.

दुसरा विचार रॉबर्ट पर्सिग यांचा. त्यांच्या १९७४ सालच्या, मोटारसायकलची निगा हे सूत्र घेऊन लिहिलेल्या ग्रंथात, बेफिकीर मेकॅनिकांनी केलेल्या कामाचा प्रसंग आहे, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की कामात ओतलेली आस्था हीच त्याची गुणवत्ता होय. या ग्रंथाच्या वाचनात एक गोष्ट मागे पडते असे वाटते. निवेदकाच्या मागच्या सीटवर प्रवासातील बहुतेक काळ त्याचा लहान मुलगा बसलेला आहे. गुणवत्तेचा सारा ऊहापोह पुढच्या सीटवर चालतो. त्याचा भार मात्र मागच्या सीटवर असतो. आस्था आवश्यक आहे, यात शंका नाही. पण आस्था असलेल्या माणसालाही आपली चूक दिसेलच असे नाही. उलट, आपल्या आस्थेवरील विश्वासच कधी कधी तपासणीची जागा घेतो. प्रेमाने बसवलेले चाक बरोबर बसते, असा नियम नाही.

मिलिंदप्रश्नातील रथाचा दृष्टान्त या संदर्भात नव्याने वाचण्याजोगा आहे. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय; आणि प्रत्येक वेळी नकारार्थी उत्तर मिळवून, रथ हे घटकांच्या जुळणीला दिलेले नाव आहे, या निष्कर्षाप्रत येतो. विश्लेषणाचा हा एक उत्तुंग नमुना आहे. पण संवादातला एक तपशील महत्त्वाचा : या प्रश्नमालेपूर्वी नागसेन राजाला विचारतो, की तू पायी आलास की वाहनाने, आणि राजा रथाने आल्याचे सांगतो. घटकांत रथ सापडत नाही हे खरे. तरी राजा त्या सभेत पोचला होता तो जुळणीच्या बळावर. रथाला स्वतंत्र सत्त्व नसेल, तर त्याच्या जुळणीची काळजी अधिकच घेतली पाहिजे, कारण त्याच्यापाशी जुळणीवाचून दुसरे काहीच नाही.

५

महाराष्ट्रात घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कैकेयीच्या कथेत हा सारा प्रश्न एका क्षणात एकवटला आहे. युद्ध ऐन भरात असताना दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निघते. ते राजाच्या लक्षात येत नाही. शेजारी असलेल्या कैकेयीच्या येते, आणि ती खिळीच्या जागी आपला हात घालून चाक धरून ठेवते. युद्ध संपल्यावर राजाला हे कळते आणि तो तिला वर देतो. पुढचे रामायण त्या वरांतून घडते.

या कथेचा विचार सहसा वरांच्या अंगाने होतो. चाकाच्या अंगाने पाहिल्यास तिच्यात वेगळीच गोष्ट दिसते. रथ चालवण्याचे आणि लढण्याचे श्रेय एका बाजूला आहे, आणि चाकाचे ज्ञान दुसऱ्या बाजूला. ज्याच्या नावाने रथ ओळखला जातो, त्याला तो कशावर उभा आहे याचा पत्ता नाही. आणि जिला पत्ता आहे ती ते उच्चारू शकत नाही, कारण उच्चारण्याइतकीही सवड नाही. चाकावरचा विश्वास कोणाच्यातरी हाडामांसाने पुरवलेला असतो, आणि तो ज्याला मिळतो त्याच्यावर ऋण चढते, हे कथा स्पष्टपणे सांगते. घरच्या चाकाच्या बाबतीत बाजू उलटतात : ज्ञान पुढे बसलेल्याकडे असते आणि हाड मागच्याचे पणाला लागते. ऋणाची दिशाही म्हणून उलटते. मागे बसणारी व्यक्ती काही देत असते, आणि चाक बसवणारा त्या दिल्याचा ऋणको असतो. त्याची जबाबदारी कौशल्यातून येत नाही. ती या ऋणातून येते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समीक्षक संहिता खोलतो तेव्हा त्याच्याही मागे कोणी बसलेले असते काय? यावर पहिला आक्षेप असा येईल, की संहिता हे यंत्र नव्हे. चाक बसवण्याची रीत एक असते. कविता पुन्हा जुळवण्याच्या रीती अनेक, आणि काही कविता सुट्याच राहिलेल्या बऱ्या. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. समीक्षकाने संहिता पूर्ववत करून द्यावी अशी अपेक्षा येथे नाही. अपेक्षा आहे ती उरलेल्या गोष्टीचा हिशेब देण्याची. चाक बसवून झाल्यावर कधीकधी वर्तमानपत्रावर एक वॉशर उरलेला दिसतो. अंधार पडलेला असतो, हात थकलेले असतात, आणि गाडी तर चालू होत असते. त्या वेळी दोन मार्ग मोकळे असतात. तो वॉशर आवश्यकच नव्हता असे ठरवता येते, किंवा नट पुन्हा सोडता येतो. संहितेचे अर्थनिर्णयन पुरे झाल्यावरही असा एखादा तपशील उरतो. आपल्या उपपत्तीत न बसणारी एखादी ओळ असते, कादंबरीतले एखादे गौण पात्र असते, किंवा कवीने विनाकारण वापरलेला वाटावा असा एखादा शब्द असतो. त्याला ‘अनावश्यक’ म्हणण्याची सोय समीक्षकाला वाहनधारकापेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण त्याचे चाक निखळल्याचा आवाज येत नाही. पण मागे कोणी नाही असे मात्र नाही. वर्गात बसलेला विद्यार्थी, जो ती संहिता कदाचित पहिल्यांदा आणि शेवटचीच वाचतो आहे, तो समीक्षकाच्या जुळणीवर बसूनच पुढे जात असतो. एक्सलचा नट आवळला गेला आहे एवढेच त्याला दिसते.

व्यवहारात यावर एक उपाय जाणती माणसे सांगतात : चाक बसवल्यावर पहिली फेरी एकट्याने मारावी. मागे कोणाला बसवू नये. हळू जावे, ब्रेक दोनचार वेळा लावून पाहावा, परत येऊन नट पुन्हा तपासावेत. साक्षीविना केलेल्या कामाला साक्ष मिळवून देण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न आहे. समीक्षेतही त्याला समांतर रीत असू शकते. एखादी उपपत्ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्यापूर्वी आपण स्वतः तिच्यावर काही काळ जगून पाहावे. जी संहिता आपल्याला प्रिय आहे तिच्यावर ती आधी चालवून पाहावी.

या उपायाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली, स्वातंत्र्याविषयीच्या आपल्या निबंधात, केवळ स्वतःशी संबंध असलेले वर्तन आणि इतरांवर परिणाम करणारे वर्तन असा भेद केला. एकट्याने मारलेली पहिली फेरी पहिल्या प्रकारात मोडते असे वाटते. पण ती फेरी कोठे मारली जाते? बदलापूरच्या रस्त्यावर, जेथे शिकवणीहून परतणारी मुले आहेत, भाजीच्या गाड्या आहेत, लोकलमधून उतरून चालत निघालेली माणसे आहेत. मागची सीट रिकामी असली तरी रस्ता रिकामा नसतो. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, आणि त्या चाकाशी चकती व सेन्सर यांची नाजूक जोडणी आली. त्यामुळे घरच्या हाताची कक्षा आणखी आक्रसली आहे. यावरून घरी चाकाला हातच लावू नये असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो येथे काढलेला नाही. ज्या समाजात सर्व चाके इतरांनी बसवलेली असतात, तेथे आपण कशावर बसलो आहोत हे कोणालाच ठाऊक नसते, आणि दशरथाची ती स्थिती काही स्पृहणीय नव्हे.

तेव्हा हात लावावा. मात्र खोलण्याचा अधिकार आणि दुसऱ्याला मागे बसवण्याचा अधिकार हे दोन निरनिराळे अधिकार आहेत, हे ओळखून लावावा. पहिला कुतूहलाने मिळतो, आणि तो कोणालाही नाकारता येत नाही. दुसरा प्रत्येक वेळी, प्रत्येक नटापाशी, नव्याने मिळवावा लागतो, आणि मिळाल्याची पावती कोणी देत नाही.